पावसाळ्यातल्या व्हर्च्युअल राईडला नवे लोक आणायचे असतील तर

जूनमध्ये घाट निसरडे झाले की सायकली भिंतीला टेकतात आणि ग्रुपमधली अर्धी माणसं दिवाळीपर्यंत दिसत नाहीत. त्यांना घरबसल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवर ठेवून पेडल मारायच्या यंत्रावर, ॲपमधून एकत्र आणता येतं. फक्त एक गोष्ट चुकवू नका: राईडच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक नव्या माणसाकडून ट्रेनर ॲपला जोडून घ्या. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नेमकं हेच राहिलं आणि नव्यांपैकी बऱ्याच जणांची सकाळ पेअरिंगच्या (जोडणीच्या) स्क्रीनसमोरच गेली. ते परत आले नाहीत.

निमंत्रण मोठ्या ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका, एकेकाला फोन करा. किती वाजता, किती वेळ आणि कोणाला मागे सोडणार नाही, एवढंच सांगा. वॅट आणि एफटीपीची (साधारण तासभर टिकवता येईल एवढ्या ताकदीच्या आकड्याची) भाषा पहिल्या फोनवर नको, त्यानेच लोक बिचकतात. पैशाचा प्रश्न येतोच. झ्विफ्ट या सायकलिंगच्या ॲपला महिन्याची वर्गणी आहे, सुरुवातीला काही दिवस फुकट वापरता येतं. मायवूश हे तसंच दुसरं ॲप, ते मुळातच मोफत आहे. नव्यांची संख्या जास्त असेल तर सरळ मायवूश घ्या. स्मार्ट ट्रेनर (ॲपमधल्या चढानुसार आपोआप जड होणारा) नसेल तरी नाही म्हणू नका. बऱ्याच साध्या ट्रेनरवर मागच्या चाकाला स्पीड सेन्सर लावून झ्विफ्ट चालतं.

लंडनला गेलेल्या जुन्या मित्रांनाही बोलवायचं असेल तर वेळ नीट बघा. आपले सकाळचे ६ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे रात्रीचा दीड. संध्याकाळी ७ ठेवलीत तर त्यांच्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. रविवारी ते सहज जमतं.

रूट सपाटच हवा. झ्विफ्टवर टेम्पस फ्युजिट घ्या, एक फेरी सुमारे १७ किलोमीटरची, चढ नावालाच. वेग वजनाच्या किलोमागे दीड वॅटच्या आसपास, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण १०५ वॅट. तेवढ्यात गप्पा मारता येतात. मीटअप (ॲपमधली आपल्या ओळखीच्यांची राईड) लावताना सगळ्यांना एकत्र ठेवणारा पर्याय चालू करा. आधी एकमेकांना फॉलो करून घ्या, म्हणजे निमंत्रण देताना नाव सापडतं.

आता आदली संध्याकाळ. ट्रेनर जोडून बघितला का, असं विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात. व्हिडिओ कॉल लावा आणि समोर जोडायला सांगा. ट्रेनर लॅपटॉपला दिसत नसेल तर बहुतेक वेळा फोनमधल्या एखाद्या ॲपने ब्लूटूथ धरून ठेवलेलं असतं. फोनचं ब्लूटूथ बंद केलं की लगेच सापडतो. पेअरिंगच्या स्क्रीनवर पॉवरच्या चौकटीत ट्रेनर आला म्हणून थांबू नका, रेझिस्टन्सच्या चौकटीतही तोच हवा, नाहीतर चढ आला तरी पेडल हलकंच राहतं. ॲपचं अपडेट तेव्हाच उतरवून घ्या. वजन खरं भरायला सांगा. मग दहा मिनिटं पेडल मारायला लावा, स्क्रीनवरचा माणूस पुढे सरकलेला स्वतः बघा आणि मगच कॉल ठेवा. ज्याचं हे झालेलं नाही त्याला सकाळी बसवू नका, पुढच्या राईडला घ्या. अनुभवी माणूस असला तरी नवा ट्रेनर आणला असेल तर त्याचंही आदल्या संध्याकाळीच.

पंखा आणि पाणी लोक ठेवतातच. टॉवेल मात्र हँडलबारवर पसरायला सांगा; घामाचं मीठ बोल्टमध्ये उतरून गंज धरतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना जाड मॅट हवीच, नाहीतर पहाटे खालच्या मजल्यावर घरघर ऐकू जाते आणि दुसऱ्या राईडला घरूनच परवानगी मिळत नाही.

सकाळी पंधरा मिनिटं आधी कॉल सुरू करा. जोडणी काल झाली असेल तर हा वेळ ओळखीला मिळतो. एक जुना माणूस मागे ठेवा, कारण एकत्र ठेवणारा पर्याय चालू असला तरी पेडल थांबलं की नवा मागे पडतोच. नावाने हाक मारा. ४५ मिनिटांत संपवा, लोकांना आणखी हवी असली तरी.

नंतर त्याच कॉलवर पुढची तारीख ठरवा. जो मध्येच गळला त्याला दुपारपर्यंत फोन करा. ग्रुपवर विचारू नका.