उन्हाळ्यात मधपेटी सांभाळताना
आधी पाण्याचं बघा. पसरट थाळीत खडे घाला, पण त्यांचे माथे बुडू देऊ नका; माशीला टेकायला कोरडी जागा हवी. थाळी एक दिवसही सुकू देऊ नका, माश्यांना दुसरं पाणी सापडलं की परत वळवणं अवघड. हेच पाणी माश्या पोळ्यात थेंबाथेंबाने पसरतात आणि पंखांनी वारा घालून पिल्लांजवळ 35 अंशांच्या आसपास तापमान राखतात. दुपारी पेटीजवळ ती घरघर ऐकू येते. मला तो आवाज फार आवडतो.

दुपारची सावली हवीच. तपासणी सकाळी. एकदा भर उन्हात मी पेटीतली पोळ्याची चौकट आडवी धरली आणि मधाने जड झालेलं, मऊ पडलेलं पोळं तुटून पिल्लांसकट खाली पडलं. तेव्हापासून चौकट उभीच धरते.