सर्दीची गोळी घेताना या चुका टाळा

दिवाळी सरली की नागपुरात पहाटे गारठा अन् दुपारी चटका सुरू होतो, आणि आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नाक पुसणाऱ्यांची गर्दी होते. मागणी एकच: "भाऊ, अशी गोळी द्या की उद्या सकाळी सर्दी गायब." अशी गोळी कोणत्याच कंपनीकडे नाही. गोळीने त्रास कमी होतो. सर्दी मात्र तिच्या हिशोबाने आठवड्या-दहा दिवसांनीच जाते. हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक म्हणजे एकच औषध तीन नावांनी पोटात घालणं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. मागच्या हिवाळ्यात एक काका मळमळीचं औषध मागायला आले. काय काय घेताय विचारलं, तर खिशातून कैचीने कापलेले स्ट्रिपचे तीन तुकडे काढले. एकावरही पूर्ण नाव नाही, एक्स्पायरी तर नाहीच. गोळ्या ओळखीच्या होत्या म्हणून बरं. खोक्याच्या पाठीवर पॅरासिटामॉलची बेरीज मांडली: सर्दीची ५०० ची दिवसातून तीनदा, तापाची ६५० ची तीनदा, अंगदुखीच्या गोळीत ३२५, ती दोनदा. झाले ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वरून "थंडी आहे ना बाप्पा" म्हणून रोज रात्री दोन पेग! तडक डॉक्टरांकडे धाडलं. रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. वेळेत थांबले म्हणून निभावलं.

मी घरी ३००० च्या वर कोणाला जाऊ देत नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा, डोळ्यांना दिसत नसतील तर मोबाइलवर फोटो मोठा करून वाचा. सुटी गोळी घेतलीच, तर नाव अन् एक्स्पायरी लिहून मागा. आम्हाला लिहायचा कंटाळा येतो, तरी मागा.

दुसरी चूक नाकातल्या थेंबांची. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे दोन थेंब टाकले की नाक लगेच मोकळं होतं, म्हणून लोक बाटली उशाशीच ठेवतात. तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की औषध उतरताच आतला पडदा आधीपेक्षा जास्त सुजतो. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. महिनोन्‌महिने बाटल्या नेणारी गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यांची सर्दी कधीचीच गेलेली असते! माझ्याकडून तिसऱ्या दिवशी बाटली बंद. त्यानंतर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब. झटपट काम करत नाहीत म्हणून खपत नाहीत, पण ते बिनधास्त वापरता येतात.

बीपी असेल तर फिनाइलएफ्रिनची, म्हणजे नाक मोकळं करायला सर्दीच्या गोळ्यांत घालतात त्या औषधाची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. तोंडाने घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीनेही सांगितलं. म्हणजे फायदा नाही, वर बीपीची जोखीम.

सर्दीच्या गोळ्यांतल्या क्लोरफेनिरामिनने, म्हणजे शिंका अन् वाहतं नाक थांबवणाऱ्या औषधाने, झोप येते; गोळी घेऊन वर्धा रोडवर गाडी चालवू नका. प्रोस्टेटवाल्या आजोबांची लघवी तिने अडू शकते.

सर्दी विषाणूची असते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. "तीन दिवसांचा कोर्स द्या" म्हणत माझ्याशी वाद घालू नका.

लहान लेकरांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं बंद करा. क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्यांना द्यायचं नाही, असा आपल्या औषध नियंत्रकांचा २०२३ चा आदेश आहे. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं भेसळीच्या खोकल्याच्या सिरपने किडनी निकामी होऊन इथल्या दवाखान्यांत आली, त्यातली कित्येक दगावली. तरी लोक शेजारणीच्या सांगण्यावरून सिरप मागतात. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच द्या, आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्या. घरचा चमचा नको.

उरलेलं औषध गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेमध्ये इथे बाहेरच ४५ अंश असतं, आणि बहुतेक औषधांवर तीस अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं.

तीन दिवसांच्या वर ताप, धाप लागणं, छातीत दुखणं, किंवा लेकरू दूध घेईनासं होणं, यातलं काही दिसलं तर मेडिकलमध्ये येऊ नका, थेट डॉक्टर गाठा.