आदिवासी माणूस बेपत्ता झाल्यास गावाने पाठपुरावा कसा करावा

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर किंवा चोपड्याच्या पाड्यांवरून ऊसतोडीला गेलेली मुलगी किंवा मजूर बेपत्ता झाला, तर ‘चोवीस तास थांबा’ किंवा ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर गावाने मान्य करू नये, कारण थांबण्याची अशी कोणतीही अट कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते आणि तिची प्रत मोफत मिळते. मूल हरवले असल्यास अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे.

कुटुंबाला एकटे ठाण्यात पाठवू नये. सोबत पोलीस पाटील आणि लिहिता-वाचता येणारी व्यक्ती असावी. शेवटचे कोणी, कुठे, कधी पाहिले, अंगावरचे कपडे, गोंदण, मोबाइल क्रमांक, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचे नाव, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), हे सारे तक्रारीत यावे. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आईचा जबाब मराठीत लिहिला गेला असेल, तर तो तिच्या बोलीत समजावून सांगितल्याशिवाय तिने अंगठा देऊ नये. माझ्या मते संपूर्ण पाठपुराव्यात याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही, कारण पुढे न्यायालयात याच कागदाचा कस लागतो. नोंद नाकारली, तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवून पोच जपावी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

मृतदेह सापडला आणि घातपाताची शंका असेल, तर दहन करू नये, दफन करावे, म्हणजे फेरतपासणीची वाट उघडी राहते. 2022 मध्ये धडगाव तालुक्यातील एका पित्याला मुलीचा देह दीड महिना मिठात राखावा लागला, तेव्हा कुठे मुंबईत दुसरे शवविच्छेदन झाले. असा प्रसंग कोणावरही येऊ नये, म्हणून दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करावी. अत्याचाराची शंका असल्यास पीडितेचे नाव किंवा छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. तो गुन्हा आहे.

संशयित अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर जातीचा दाखला जोडून 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लावण्याची मागणी करावी. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोणी डांबून ठेवल्याची खात्रीलायक माहिती असल्यास या वकिलामार्फत मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात हेबियस कॉर्पस (डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करणारी) याचिका दाखल करता येते.