कमिटीत आपल्याच माणसाचा विषय आला म्हणून त्या निर्णयातून बाजूला होताय? मग या चुका टाळा

सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य म्हणजे "मी काही बोलणार नाही, नुसता बसतो." अहो नुसतं बसायचं नसतंच, उठून बाहेर जायचं असतं! बरीच वर्षं कमिट्यांची मिनिट्स, म्हणजे बैठकीचा वृत्तांत, लिहितोय म्हणून सांगतो. एकदा खरेदीत एका मेंबरच्या साडूचं कोटेशन आलं, त्यांनी नातं सांगितलं, मतही दिलं नाही, पण खुर्ची काही सोडली नाही. मग कुणीतरी विचारलं, हे लोक माल वेळेवर देतात का, आणि सगळे आपोआप यांच्याकडे बघायला लागले, यांनी फक्त मान डोलावली. झालं. ऑर्डर साडूला, दुसऱ्या पार्टीची तक्रार, आणि मिनिट्समध्ये साहेब पूर्ण वेळ हजर, मीच लिहिलेलं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून कोण किती वाजता बाहेर गेलं, कधी परत आलं हे मी घड्याळ बघून लिहितो, लोक हसतात, हसू देत.

अर्धवट बाजूला होणं पण तसलंच. क्रायपाक केस माहितीये ना, 1969 ची? भारतीय वन सेवेची निवड, जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावर आणि स्वतःच उमेदवार. स्वतःचं नाव आलं तेव्हा बसले नाहीत, पण स्पर्धकांची नावं आली तेव्हा बसले. म्हणजे स्वतःचा पेपर सोडून बाकी सगळ्यांचे तपासले. सुप्रीम कोर्टाने निवड रद्द केली.

"पण माझ्या मनात काही नाही" हे सांगत बसू नका, मनात काय आहे ते कुणी विचारत नाही, लांबून बघणाऱ्याला काय वाटेल ते विचारतात.

फाईल हाताखालच्याला देऊन "तूच बघ रे" म्हणणं, हा लाडका शॉर्टकट. ज्याचा गोपनीय अहवाल तुम्ही लिहिता तो तुमच्या भाच्याला नाही म्हणेल? फाईल वर पाठवा.

नवीन मंडळी वर्षाच्या सुरुवातीला आपले हितसंबंध सांगणारा एक फॉर्म भरतात आणि सुटलो म्हणतात. मी प्रत्येक बैठकीच्या आदल्या रात्री अजेंडा उघडून फक्त नावं वाचतो, कुणी ओळखीचं आहे का बघायला, विषय नंतर.

अवघड निर्णय आला की लांबची ओळख काढून पळणारे पण आहेत, तो निव्वळ पळपुटेपणा.

आणि कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, आधीच मोजा. बाहेर गेलेल्याला "आकड्यापुरते बसा" म्हणून परत बोलावलेलं मी बघितलंय, तेही दोनदा.