वंडर वुमनचा पोशाख: आधी अवतार ठरवा, मग फोम कापा

वंडर वुमनचा कॉस्प्ले, म्हणजे तिच्यासारखा पोशाख घरी करून घालणं, बिघडतो तो सहसा कात्री हातात घेण्याआधीच. चार फोटो गोळा होतात: एक कॉमिकचा, एक मालिकेचा, दोन सिनेमाचे. टिआरा (कपाळावरची मुकुटपट्टी) एकातला, बूट दुसऱ्यातले, पट्टा तिसऱ्यातला. लांबून ओळख पटते, पण जवळून बघणाऱ्याला ही नेमकी कुठली वंडर वुमन, ते कळत नाही. म्हणून पहिलं काम एकच, अवतार निवडायचा आणि त्याच्या बाहेरचा एकही फोटो समोर ठेवायचा नाही.

लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन आणि चित्रकार एच. जी. पीटर यांची ही नायिका १९४१ मध्ये ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात पहिल्यांदा आली. लाल बॉडिस (धडावरचा घट्ट भाग), छातीवर सोनेरी गरुड, पांढऱ्या चांदण्यांचा निळा स्कर्ट. स्कर्ट लवकरच आखूड झाला. गरुड मात्र चार दशकं टिकला आणि १९८२ मध्ये त्याच्या जागी एकावर एक रचलेले दोन डब्ल्यू आले. त्यामुळे पीटरच्या धाटणीचा स्कर्ट आणि छातीवर डब्ल्यू, अशी जोडी जमत नाही.

अभिनेत्री लिंडा कार्टरची टीव्ही मालिका १९७५ ते १९७९ मधली. तिच्यातही दोन पोशाख आहेत, आणि हे फार जणांच्या नजरेतून सुटतं. पहिल्या हंगामात ब्रेसलेट मळकट रुपेरी आहेत. कथानक दुसऱ्या महायुद्धातून सत्तरच्या दशकात आल्यावर ते पातळ आणि झळझळीत सोनेरी झाले, गरुडावरच्या सोनेरी पट्ट्याही कमी झाल्या. गॅल गडॉटचा २०१६ (‘बॅटमॅन व्ही सुपरमॅन’) आणि २०१७ (‘वंडर वुमन’) च्या सिनेमांतला पोशाख म्हणजे जवळजवळ चिलखतच: निळ्या पट्ट्यांचा घागरा, त्यावर चांदण्या नाहीत, टिआऱ्यावर लाल ताऱ्याऐवजी धातूतच उठवलेला तारा. २०१६ च्या सिनेमाचा रंगच मुळात काळपट आहे. त्यातल्या दृश्यांवरून रंग जुळवलात तर लाल तपकिरी होऊन बसेल. रंगासाठी २०१७ चीच दृश्यं घ्या.

नवशिक्यांना कार्टरचा पोशाख सोपा म्हणून सुचवला जातो. शिवणकामात हात बसला नसेल तर तो सर्वांत अवघड. चकचकीत ताणाच्या कापडावर प्रत्येक सुरकुती दिसते. सिनेमाच्या पोशाखात जुनाटपणाचा रंग चढवायचाच असतो, त्यात बऱ्याच चुका झाकल्या जातात. पुढचं सगळं सिनेमाच्या पोशाखाबद्दल आहे.

ब्रेसलेट

सुरुवात इथून करा. तुकडा लहान असतो, आणि फोमची सगळी कसरत यात येते. लागेल ते एवढं: ५ मिमी आणि २ मिमी जाडीचा ईव्हीए फोम (तापवून वळवता येणारा स्पंजासारखा पत्रा), काँटॅक्ट ॲडहेसिव्ह (दोन्ही बाजूंना लावायचा गोंद), हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र), धारदार कटर आणि भरपूर पाती. फोमवर पातं फार लवकर बोथट होतं. कड कुरतडल्यासारखी दिसली की पातं बदला, जोर वाढवू नका.

हाताला मनगटापासून कोपराखाली चार बोटांपर्यंत क्लिंग फिल्म गुंडाळा, वर मास्किंग टेपचे दोन थर द्या. हाताच्या आतल्या बाजूने सरळ रेघ मारून त्यावर कापा. टेपचा हा साचा सपाट पसरला की पंख्यासारखा वक्र दिसेल, कारण हात कोपराकडे रुंदावत जातो. तो वक्र ‘नीट’ करून आयत कापला की ब्रेसलेट मनगटाशी तोंड वासून बसतं.

आता जाडीचा हिशोब. ५ मिमी फोम गोल वळवला की त्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते. मधल्या थराचा घेर त्वचेच्या घेरापेक्षा पाय (π) गुणिले जाडी, म्हणजे सुमारे १६ मिमीने जास्त भरतो. एवढी वाढ रुंदीत सर्वत्र द्या. मग आतल्या बाजूने दोन-अडीच सेंटिमीटरची फट ठेवून तिथे रुंद इलॅस्टिक लावा. पूर्ण बंद कडं केलं तर पंजा आत जाणारच नाही. दुसऱ्या हातासाठी साचा उलटा करून आखा, नाहीतर दोन्ही ब्रेसलेट एकाच हाताची होतील.

हीट गन सतत हलती ठेवून फोम तापवा. पृष्ठभागावर किंचित चकाकी आली की छिद्रं मिटली. लगेच हातापेक्षा कमी घेराच्या बाटलीवर गुंडाळा आणि पूर्ण गार होईपर्यंत धरून ठेवा, कारण सोडल्यावर तो थोडा उलगडतोच. फोड आले किंवा कडा आत ओढल्या गेल्या तर उष्णता जास्त झाली. तो तुकडा दुरुस्त होत नाही, नवा कापा.

वरची नक्षी २ मिमी फोमची. ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, साधारण पाच ते दहा मिनिटं. घाईत चिकटवलं तर आत अडकलेल्या द्रावकामुळे जोड सरकत राहतो. एकदा टेकलं की मात्र हलवता येत नाही, म्हणून मधून सुरू करून कडांकडे दाबत जा. चिकटवल्यावर जोराने तापवू नका, जोड सुटतो. ॲडहेसिव्ह, स्प्रे आणि तापलेला फोम यांचा धूर छातीला वाईट. खिडकी उघडी हवी आणि तोंडावर वायू अडवणारा फिल्टरचा मास्क. कापडी मास्क इथे कामाचा नाही.

रंग

लवचिक प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) तीन-चार पातळ हात, त्यावर काळा, मग रुपेरी. काळ्याशिवाय रुपेरी रंग प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो. शेवटी पाण्यात पातळ केलेला काळा-तपकिरी ॲक्रिलिक सगळीकडे फासा आणि वाळायच्या आत पुसा, नक्षीच्या खाचांत राहील तेवढाच राहू द्या. वरून मॅट वार्निश नको, धातूची चमक करडी पडते. सॅटिन, म्हणजे अर्धचमकदार वार्निश वापरा.

टिआरा आणि बॉडिस

टिआऱ्यासाठी ३ ते ४ मिमी फोम पुरतो. कागद अर्धा दुमडून एकाच बाजूची आकृती काढा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. ताऱ्यासाठी १५ मिमी त्रिज्येचं वर्तुळ, कोनमापकाने दर ७२ अंशांवर खूण, आणि एक सोडून एक बिंदू जोडा. टोकं केसांत लपतील एवढी लांब ठेवा. टिआरा घामाने वर सरकतो, कारण कपाळ वर निमुळतं होतं. मागचं इलॅस्टिक डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खालून, मानेजवळून घेतलं की ही तक्रार मिटते.

बॉडिसची मापं बसून घ्या. उभ्याने घेतलेल्या मापाचा फोम खुर्चीत बसताच छातीवर चढतो. फोम ताणत नाही, म्हणून पाठीला लेसिंग (दोरीने आवळायची बांधणी) किंवा दोन्ही कडांना रुंद इलॅस्टिक हवंच. छातीवरचं सोनेरी चिन्ह बॉडिस अंगावर असतानाच जागेवर खुणा करून लावा. टेबलावर सरळ दिसणारे पंख अंगावर खाली झुकतात.

लॅसो

वंडर वुमनच्या फासाच्या या सोनेरी दोरासाठी ८ मिमी पिळाचा सुती दोर, चार मीटर. सत्तर सेंटिमीटरचे पाच-सहा वेढे होतात. स्प्रे मारू नका, दोर ताठ होतो आणि पिळताना रंगाच्या पापड्या पडतात. कापडाच्या रंगात बुडवून रंगवा. टोकं कापण्याआधी टेप गुंडाळा. प्रकाशासाठी पिळात ईएल वायर (वीज दिली की लांबीभर उजळणारी बारीक तार) घालता येते, पण तिची लांबी तिला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरवर लिहिलेल्या मर्यादेत बसली पाहिजे, आणि ती काटकोनात वाकवली तर तिथून पुढे विझते. दिवसाच्या उजेडात तिचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे फोटो सावलीत किंवा संध्याकाळी काढणार असाल तरच ही खटपट करा.

पोशाख ठेवताना ब्रेसलेटमध्ये कागदाचे बोळे भरा आणि उन्हात उभ्या गाडीत काहीही सोडू नका. बंद गाडीतली उष्णता दिलेलं वळण सपाट करायला पुरते.