‘महासभेत मंजूर’ म्हणजे काम झालं नव्हे: ठाणे-नवी मुंबई पालिका बीटवर नव्याने येणाऱ्या वार्ताहरांसाठी

महापौरपद अडीच वर्षांचं, स्थायी समिती सोळा जणांची आणि त्यातले निम्मे दरवर्षी बाहेर पडणारे, एवढं बीट हातात घेताना पाठ असतंच. ते सोडून देऊ. नव्यांचा घात होतो तो ‘मंजूर’ या शब्दाने.

महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, विषय पुकारला जातो, सूचक-अनुमोदकांची नावं येतात, महापौर ‘मंजूर’ म्हणतात, विषय पुढे सरकतो. तेवढ्यावर ‘प्रभागात नाट्यगृह होणार’ असं लिहून मोकळं होऊ नका. महासभेने दिली ती प्रशासकीय मान्यता, म्हणजे कामाला तत्त्वतः होकार. पुढे तांत्रिक मान्यता, निविदा, दरांसाठी स्थायी समिती आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. या वाटेवर फाइल लेखा विभागात जाते आणि बहुतेक कामं तिथेच दम सोडतात, कारण लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या कामाच्या खात्यावर, पैसे नसतात.

हे नीट समजून घ्या, कारण सापळा इथेच आहे. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात. स्थायी त्यात वाढ सुचवते, महासभा आणखी भर घालते. खर्च वाढला की जमेची बाजूही कागदावर फुगवावी लागते. मालमत्ता कर एका सभेत वाढत नाही, जीएसटीची भरपाई राज्याकडून ठरून येते. मग वाढ दाखवायची कुठे? ठाण्यात बोट हमखास शहर विकास विभागाच्या शुल्काकडे जातं. ते पैसे बांधकाम परवानग्यांवर अवलंबून. बाजार थंडावला की जमा आटते, ठराव मात्र जागेवरच असतात.

दुसरा भाग दायित्वाचा, म्हणजे आधीच्या देण्यांचा. समजा रस्त्यांच्या लेखाशीर्षावर १० कोटींची तरतूद आहे. आधीच्या वर्षांत कार्यादेश दिलेल्या कामांची ७ कोटींची देणी त्यावर आहेत. नव्या कामांना उरले ३ कोटी. जमा कमी झाली म्हणून वर्षाच्या मध्यावर आयुक्तांनी तरतुदीच्या निम्माच खर्च करायचा असा आदेश काढला, तर ५ कोटी हातात आणि ७ कोटी देणं. नवं काम शून्य! सभागृहात मात्र त्याच शीर्षाखाली पाच-सहा ठराव मंजूर झालेले असतात आणि पाच-सहा नगरसेवकांनी बॅनरही लावलेले असतात.

त्यामुळे अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आधी तीन रकाने शेजारी शेजारी धरून वाचा: गतवर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा मूळ अंदाज. प्रत्यक्ष खर्चाच्या तिप्पट-चौपट मूळ अंदाज दिसला की पेन्सिलने खूण करा. शहराचा प्राधान्यक्रम प्रत्यक्षच्या रकान्यात असतो, भाषणात नसतो. एखाद्या शीर्षावर हजार रुपयेच दिसले तर छपाईची चूक समजू नका. ती टोकन तरतूद; शीर्ष उघडं ठेवलंय, पैसे नाहीत. ‘शिलकी अंदाजपत्रक’ या शब्दांनीही हुरळू नका; जमा फुगवलेली असेल तर शिलकही कागदावरचीच. प्रेसनोटमधली ‘ठळक वैशिष्ट्ये’ वाचून बातमी करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

आता थोडा धीर. पहिल्यांदा ते पुस्तक हाती घेतलं की डोकं गरगरतं, सगळ्यांचंच. पूर्ण वाचायची गरज नाही. रस्ते, पाणीपुरवठा, घनकचरा आणि प्रभाग सुधारणा निधी, एवढी शीर्षं वर्षभर धरून ठेवा.

महासभा दरमहा २० तारखेच्या आत व्हावी असा नियम आहे आणि विषयपत्रिका साधारण सात दिवस आधी निघते. तिच्यावर विसंबू नका. ‘आयत्या वेळचे विषय’ तिच्यात नसतात, गोंधळात ते ऐकूही येत नाहीत. ते सापडतात पुढच्या सभेत आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम होताना, आणि तेव्हा बाकीचे कॅन्टीनमध्ये असतात. गुरू करायचाच तर सचिव कार्यालयातल्या किंवा लेखा विभागातल्या लिपिकाला करा. कानात ‘आतली बातमी’ सांगणारा नगरसेवक गुरू नव्हे, तो बातमीचा मालक असतो.

बहुमताचाही हिशेब जपून करा. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ असा मंजूर झाला. सभागृह १११ जणांचं, लागत होते पाच अष्टमांश, म्हणजे ७०. तरी राज्य सरकारने ठराव रोखला आणि मुंढे मार्च २०१७ पर्यंत तिथेच होते. सरकारला हा अधिकार देणारं महापालिका अधिनियमाचं कलम ४५१ एकदा वाचून ठेवा.

नवी मुंबईत आणखी एक विचारायचं: भूखंड कोणाचा? शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने तो पालिकेकडे हस्तांतरित केला नसेल तर उद्यानाचा ठराव कितीही एकमताने होवो, फावडं लागत नाही.

शेवटची अडचण जुन्या कामांची. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून सभागृहाची मुदत संपलेली होती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महासभा आणि स्थायी, दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळातली मंजुरी महासभेच्या इतिवृत्तात शोधून सापडणार नाही. प्रशासकीय ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागा. तोंडी सांगितलं तर ‘कागद दाखवा’ म्हणा, आणि वहीत त्याच ओळीत लेखाशीर्षही टिपून घ्या.