गिटार शिकताना बोटांचे सांधे दुखतायत? मग आधी हे करून बघा

नवीन गिटार घेतली की बोटं दुखणारच, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे, पण नेमकं कुठे दुखतंय हे कुणी विचारत नाही. तार रुतते तिथे बोटाच्या टोकाला चुरचुरणं, वळ उठणं, हे चालतं. रोज थोडं थोडं वाजवत राहिलं की तीन-चार आठवड्यांत तिथली कातडी जाड होते, घट्टे पडतात आणि दुखणं आपोआप जातं. पण पेरात ठणकत असेल, अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर तो प्रकार पूर्ण वेगळा. सांध्याला घट्टे पडत नसतात, रेटून वाजवलं तर तिथलं दुखणं वाढतंच.

मी ४१व्या वर्षी गिटार हातात घेतली. क्लासमध्ये विचारलं तर "सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून दोन महिने तशीच वाजवत राहिले, आणि एक दिवस सकाळी दुधाची पिशवी धरताना डाव्या हाताचं मधलं बोट वाकेचना. तेव्हा गिटार बाजूला ठेवून एकेक गोष्ट तपासायला घेतली आणि लक्षात आलं की मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतेय.

तुम्ही हे आत्ताच करून बघा. तिसऱ्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली) पाचव्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधल्या पाचव्या कप्प्यात, मधलं बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि उजव्या हाताने तीच तार सारखी छेडत राहा. आधी नुसता मुका थप् थप् आवाज येईल. आता अगदी सावकाश जोर वाढवत न्या, मध्ये खरखर होईल आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ येईल. तिथेच थांबा, बास, एवढाच जोर लागतो. आता बोट थोडं सरकवून फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे ठेवा (पट्टीच्या वर नाही हां) आणि परत तेच करा, आणखी कमी जोरात वाजेल. बोट दोन पट्ट्यांच्या मधोमध किंवा मागे राहिलं की तार खरखरते, मग आपण आणखी दाबतो आणि तो सगळा भार पेरावर येतो. रोज बसल्यावर पहिली दोन मिनिटं एवढंच करा, प्रत्येक बोटाने.

बोटाचं शेवटचं पेर उलटं मोडतंय का तेही बघा, करंगळीचं तर हमखास मोडतं. ते बाहेरच्या बाजूला गोल राहायला हवं. डाव्या हाताची नखं वाढलेली असली की बोट उभं राहतच नाही, आडवं पडतं आणि पेर दबतं, त्यामुळे नखं अगदी बारीक कापा.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर तुम्ही नेक, म्हणजे गिटारचा दांडा, चिमट्यासारखी आवळताय. अंगठा पूर्ण काढून एखादी सोपी कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) धरून बघा, ई मायनर चालेल, गिटार उजव्या हाताखाली अंगाशी धरायची आणि डाव्या हाताच्या नुसत्या वजनाने बोटं मागे खेचायची. वाजते! मग अंगठा परत ठेवा, पण टेकण्यापुरता, साधारण मधल्या बोटाच्या मागे. बसायला बिनहाताची खुर्ची घ्या, पलंगावर किंवा सोफ्यात रेलून बसलं की मनगट वाकडं होतं. नेकचं टोक खांद्याच्या उंचीला आलं की मनगट जवळपास सरळ राहतं, बसून वाजवतानाही पट्टा लावला तर फार सोपं पडतं.

एफ कॉर्डबद्दल थोडं जास्त लिहिते कारण बहुतेकांचे सांधे तिथेच दुखावतात. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या असं वाटतं, पण पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीच्या तीन बोटांनी पुढे धरलेलीच असते, म्हणजे पहिल्या बोटाला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा वाजवायच्यात. बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं करा, तिथे मांस कमी आणि हाड जवळ असतं. तरी दुखत असेल तर बारीक बाजूच्या चार तारांचा छोटा एफ वाजवा. गाणं अडत नाही.

आता गिटार. सुरुवातीची स्वस्त ॲकॉस्टिक घेतली की तिच्या तारा बऱ्याचदा फार उंच असतात, याला ॲक्शन म्हणतात. मिलिमीटरची पट्टी घेऊन १२व्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवरून सहाव्या जाड तारेच्या खालपर्यंत मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या वर असेल तर शिकणाऱ्याच्या हातावर अन्याय आहे. दुसरी तपासणी म्हणजे तार तिसऱ्या फ्रेटला दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर बघा, तारेखाली केसाएवढी फट हवी. जास्त असेल तर नट (नेकच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) उंच आहे, म्हणूनच एफ एवढा जड जातो. हे घरी कानस घेऊन घासत बसू नका, रिपेअरवाल्याकडून सेटअप करून घ्या. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि ॲक्शन वाढते, त्यामुळे मे महिन्यात सोपी वाटणारी गिटार जुलैत कडक झाली तर तुमची बोटं बिघडलेली नाहीत, परत मोजून बघा.

तारा बाराच्या सेटच्या (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) असतील तर दहाच्या घाला, फरक पहिल्याच दिवशी कळतो. सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावल्या तरी ताण कमी होतो, हवं तर पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून गाण्याची मूळ पट्टी परत मिळवा. यात कमीपणा काहीच नाही, ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याने १९६५ मध्ये कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावली आणि तो हलक्या तारा वापरून, पुढे तारा खाली उतरवून आयुष्यभर वाजवत राहिला.

सराव रविवारी सलग दोन तास नको, रोज दहा-दहा मिनिटं तीनदा. आणि हात दिवसभर काय करतो तेही मोजा, मी वीस पोळ्या लाटून झाल्या की लगेच गिटार घ्यायचे आणि अंगठा तिथेच संपलेला असायचा. आता सकाळी पोळ्यांच्या आधी घेते, थंडीत हात कोमट पाण्यात धरून. सांध्यात कळ आली की त्याच क्षणी थांबायचं, दोन-तीन दिवस डाव्या हाताला सुट्टी आणि उजव्याने नुसतं स्ट्रमिंग (तारांवरून हात वर-खाली फिरवणं), ताल पक्का होतो. पेनकिलर घेऊन वाजवायचं मात्र अजिबात नाही, दुखणं दबतं आणि आपण आणखी इजा करून घेतो.

सांधा सुजला असेल, सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असतील, बोट वाकवल्यावर अडकून टक् करून सुटत असेल, किंवा मुंग्या येत असतील, रात्री बधिर होत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना किंवा सांध्यांच्या तज्ज्ञांना दाखवा. घरात संधिवात असेल तर तेही सांगा. जाताना तुम्ही वाजवतानाचा डाव्या हाताचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा, एक समोरून आणि एक अंगठ्याच्या बाजूने, कारण "गिटार वाजवताना दुखतं" एवढं सांगून मनगट किती वाकतंय आणि कोणतं पेर मोडतंय हे कुणालाच दिसत नाही.